घड्याळ शर्यत जिंकत नाही

अविनाश साबळेबद्दल मराठवाड्यात दोन मते ठामपणे मांडली जातात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा धावपटू. जिल्ह्याची शीव ओलांडली की आमचा धाराशिव जिल्हा लागतो, त्यामुळे भूम, परंडा, वाशी, कळंबकडची मुले पहाटे पळायला निघतात तेव्हा त्यांच्या तोंडी पहिले नाव त्याचेच असते. पहिला पक्ष म्हणतो, ज्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम दहा वेळा सुधारला, त्याचे जागतिक पदक आज ना उद्या ठरलेलेच. दुसरा पक्ष म्हणतो, जागतिक आणि ऑलिंपिक अंतिम फेरीत जो अकराव्या क्रमांकापुढे कधी गेला नाही, तो घरचा विक्रमवीर. मोठ्या मैदानावर त्याचे काम नाही. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण त्यांचे मूळ गृहीतक एकच आहे. धावपटूची किंमत त्याच्या सर्वोत्तम वेळेत साठवलेली असते आणि स्पर्धेच्या दिवशी ती फक्त वटवायची असते, असे दोघेही मानतात. पहिल्याला ती वटेल असे वाटते, दुसऱ्याला ती खोटी ठरली असे वाटते. हे गृहीतकच चुकीचे आहे. मध्यम पल्ल्याच्या अजिंक्यपदाच्या शर्यतीत घड्याळ प्रवेश देते. निकाल सोबत धावणारी माणसे, शर्यतीची गती आणि शेवटचे चारशे मीटर ठरवतात. म्हणून प्रतिस्पर्ध्यांची तुलना वेळेच्या तक्त्यावरून करणे सोडून, कोणत्या प्रकारच्या शर्यतीत कोण कितवा आला यावरून करायला हवी.

पुरावा जगातल्या सर्वात वेगवान माणसापासूनच घेऊ. इथिओपियाच्या लामेचा गिर्माने ९ जून २०२३ रोजी पॅरिसमध्ये ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा विश्वविक्रम केला. मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीची सर्वोत्तम वेळ ७ मिनिटे ५६.६८ सेकंद, म्हणजे साडेचार सेकंदांनी कमी प्रतीची. तक्ता खरा मानला तर सुवर्णपदके गिर्माकडे असायला हवीत. प्रत्यक्षात गिर्माला २०१९, २०२२ आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धांत आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यच मिळाले. २०१९ मध्ये दोह्यात त्याचे सुवर्ण सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो शेवटच्या फेरीत अडथळ्यावर कोसळला. बक्कालीने मात्र २०१७ पासून २०२५ पर्यंत एकाही जागतिक किंवा ऑलिंपिक अंतिम फेरीतून पदकाविना पाय बाहेर टाकला नाही: सात अंतिम फेऱ्या, त्यांपैकी चार सुवर्ण. यात दोन ऑलिंपिक सुवर्णे आहेत. त्याने पॅरिसची शर्यत ८ मिनिटे ०६.०५ सेकंदांत जिंकली आणि २०२२ मध्ये यूजीनची ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत. दोन्हींत जवळपास १९ सेकंदांचे अंतर आहे, विजेता एकच. शर्यत कशीही झाली तरी शेवटच्या पाण्याच्या अडथळ्यापाशी योग्य जागी असणे हा त्याचा गुण आहे, आणि तो कोणत्याही घड्याळात मोजला जात नाही.

एखादा म्हणेल, बक्काली अपवाद आहे; अपवादावरून नियम काढू नका. मग इतरांकडे बघू. पॅरिसच्या अंतिम फेरीत उतरताना अमेरिकेच्या केनेथ रूक्सची सर्वोत्तम वेळ ८ मिनिटे १५.०८ सेकंद होती. त्याच्या महिनाभर आधीच, ७ जुलै २०२४ रोजी, साबळेने पॅरिसमध्येच ८ मिनिटे ०९.९१ सेकंद नोंदवले होते. कागदावर साबळे पाच सेकंदांनी पुढे. शर्यतीत रूक्स शेवटची फेरी सुरू होताना सगळ्यांना मागे टाकून पुढे घुसला आणि ८ मिनिटे ०६.४१ सेकंदांत रौप्य घेऊन गेला; पहिली फेरी सर्वांच्या पुढे धावलेला साबळे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला. पुढच्या वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश जिंकला, तो ८ मिनिटे ३३.८८ सेकंदांत. ही वेळ साबळेच्या विक्रमापेक्षा २४ सेकंदांनी मंद आहे. १९८१ मध्ये गोपाल सैनी यांनी केलेला आणि २०१८ मध्ये साबळेने मोडलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा भारतीय विक्रमही या जागतिक सुवर्णापेक्षा सरस आहे! म्हणून सैनी २०२५ मध्ये जगज्जेते झाले असते का? अर्थातच नाही. बीमिश हा मुळात १५०० मीटरचा माणूस, २०२४ चा त्या अंतराचा जागतिक इनडोअर विजेता. शर्यत रेंगाळली तेव्हा त्याच्या अखेरच्या वेगाला उत्तर उरले नाही. बक्कालीही सेकंदाच्या सात शतांशांनी मागे राहिला.

साबळेच्या स्वतःच्या कामगिरीत तर हा सिद्धांत अधिकच स्वच्छ दिसतो. जुलै २०२२ मध्ये यूजीनच्या जागतिक अंतिम फेरीत शर्यत मंद झाली आणि तो ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत अकरावा आला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंनी सुरुवातीपासून गती ताणून धरली, आणि तिथे हाच साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. अब्राहम किबिवोत सेकंदाच्या पाच शतांशांनी पुढे होता. १९९८ पासून या शर्यतीतली राष्ट्रकुलची सर्व पदके केनियाकडे जात होती. ती साखळी मांडव्याच्या पोराने तोडली. ज्या किबिवोतने त्याला इंचांनी हरवले, त्यानेच पुढे २०२३ चे जागतिक आणि २०२४ चे ऑलिंपिक कांस्य मिळवले. तीन आठवड्यांत माणसाची ताकद बदलत नाही, शर्यतीची जात बदलते. अर्ध मॅरेथॉन ६० मिनिटे ३० सेकंदांत धावलेला आणि हांगझाऊ आशियाई स्पर्धेत ५००० मीटरचेही रौप्य मिळवणारा साबळे दमाचा धावपटू आहे. सगळे थकलेले असताना त्याच्याकडे अखेरची धाव शिल्लक असते; सगळे ताजेतवाने असताना मात्र १५०० मीटरवाले त्याला मागे टाकतात. दुसऱ्या पक्षाचा ‘मोठ्या मैदानावर कोसळतो’ हा आरोप बर्मिंगहॅमपाशी गळून पडतो, आणि पहिल्या पक्षाचा ‘विक्रम आहे म्हणजे पदक आहे’ हा दावा यूजीनपाशी.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा: घड्याळ तरी निःपक्षपाती असते, डावपेच, गती, परिस्थिती या हरलेल्याच्या सबबी आहेत. यातला अर्धा भाग मान्य करायलाच हवा. पॅरिससाठी पात्रतेची वेळ ८ मिनिटे १५ सेकंद होती, त्याशिवाय दार उघडतच नव्हते. अंतिम फेरी ८ मिनिटे ०६ सेकंदांची होणार असेल तर ८ मिनिटे १० सेकंदांचा माणूस नुसत्या चातुर्याने पदक मिळवू शकत नाही, त्याला त्या दिवशी आयुष्यातली सर्वोत्तम धाव घ्यावी लागते, जशी रूक्सने घेतली. पण दाराच्या आत गेल्यावर नियमच घड्याळाला बाजूला सारतात. टोकियो ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत साबळे ८ मिनिटे १८.१२ सेकंद धावून बाहेर पडला. दुसऱ्या गटात ८ मिनिटे १९ सेकंदांत पहिला आलेला बक्काली पुढे गेला आणि ऑलिंपिक विजेता झाला. तेव्हा निदान वेळेवर काही जागा मिळत होत्या. २०२३ पासून तीही सोय गेली: प्रत्येक गटातले पहिले पाच पुढे, बाकी घरी. बुडापेस्टमध्ये साबळे ८ मिनिटे २२.२४ सेकंदांत सातवा आला आणि संपला. पॅरिसमध्ये तो नेमका पाचवा आला आणि स्टीपलचेसची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. तेव्हा क्रमांक ही सबब नव्हे. स्पर्धेचा कायदाच तो आहे, आणि कायदा ठाऊक असूनही आपण तुलना मात्र विक्रमांच्या यादीने करतो.

दुसरा आक्षेप रक्ताचा आणि मातीचा. केनिया-इथिओपियाच्या डोंगराळ माणसांपुढे आपले काय चालणार, असे म्हणणारे १९८४ ते २०१६ पर्यंतची केनियाची सलग ऑलिंपिक सुवर्णे पुढे करतात. ती खरी आहेत. पण पॅरिसच्या पदकमंचावर मोरोक्को, अमेरिका आणि केनिया होते. टोकियोच्या जागतिक स्पर्धेत न्यूझीलंड, मोरोक्को आणि केनिया. जगात ही मक्तेदारी मोडली आहे, आपल्या मनात ती शिल्लक आहे. याचीच उलटी बाजू म्हणजे दुष्काळाचे काव्य. साबळे लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर जात असे, म्हणून तो घडला, असे कौतुकाने लिहिले जाते. पायपीट विजेते घडवत असती तर बालाघाटाच्या दोन्ही अंगांना घरटी एक ऑलिंपिकपटू निघाला असता. साबळेचा खरा प्रवास वेगळा आहे: बारावीनंतर महार रेजिमेंट, २०१५ पासून लष्करातल्या क्रॉस कंट्री शर्यती, आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेस. त्याला गरिबीने घडवले नाही, शर्यतींनी घडवले.

हीच मोजपट्टी पुढच्या भाकितांना लावू. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेचा विचार केला तर साबळेच्या पाठीशी हांगझाऊचे सुवर्ण आहे, तेही जवळपास एकट्याने पुढे राहून ८ मिनिटे १९.५० सेकंदांत मिळवलेले, आणि २०२५ मध्ये गुमीत मिळवलेले आशियाई अजिंक्यपद आहे. पण या दोन्ही शर्यतींत जपानचा र्‍युजी मिउरा नव्हता. मिउराची सर्वोत्तम वेळ ८ मिनिटे ०३.४३ सेकंद. ती बाजूला ठेवली तरी जागतिक आणि ऑलिंपिक अंतिम फेऱ्यांत तो सातवा, सहावा, आठवा आणि पुन्हा आठवा आला आहे, मंद शर्यतीतही आणि जलद शर्यतीतही. साबळेची सर्वोत्तम जागा अकरावी. त्यात जुलै २०२५ मध्ये मोनाकोत पडून झालेल्या गुडघ्याच्या दुखापतीने त्याला टोकियोची जागतिक स्पर्धाही हुकवावी लागली. म्हणून प्रामाणिक निवाडा असा: या दोघांत पारडे मिउराचे जड आहे, आणि ते वेळेपेक्षा क्रमांकांच्या सातत्यामुळे जड आहे. साबळेला मार्ग एकच, बर्मिंगहॅमचा. शर्यत रेंगाळू द्यायची नाही, निदान शेवटच्या तीन फेऱ्या ताणत न्यायच्या, म्हणजे अखेरच्या पाण्यावरून उतरताना मिउराचेही पाय जड झालेले असतील. तसे झाले नाही तर विक्रमधारी असूनही तो हरेल, आणि त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नसेल.

आता घराकडे. मध्यम पल्ल्याची धाव धाराशिव जिल्ह्यात दुर्मिळ नाही, उलट ती इथली रोजची गोष्ट आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि सेकंदांच्या ठरलेल्या टप्प्यांवर गुण मिळतात. त्यामुळे शेकडो पोरे-पोरी वर्षानुवर्षे एकच अंतर एकाच गतीने, स्टॉपवॉचकडे बघत धावतात. बाजूचा पुढे गेला तरी फरक पडत नाही, आपला टप्पा गाठला की झाले. नोकरीसाठी हे योग्यच आहे. पण यातून घडणारा धावपटू शर्यत धावायला शिकत नाही; गती अचानक बदलली, धक्का लागला, आत कोंडला गेला, तर काय करायचे हे त्याच्या अंगात मुरत नाही. ‘भरतीमुळे साबळेसारखे आणखी घडतील’ ही आशा म्हणून फसवी आहे. भरतीने त्याला वर्दी दिली, पण धावपटू तो भरतीनंतरच्या चुरशीने झाला.

चुरस कशी रुजवायची हे या जिल्ह्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. खो-खोत धाराशिवने भारताची कर्णधार दिली: सारिका काळेच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण आले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. हे वैभव कोणा एकीच्या चपळाईचा चमत्कार नाही. खो-खोत घड्याळ डावाची मुदत सांगते, पण खेळ समोरच्या माणसाशी असतो. दर सामन्यात कोणाला तरी चकवावे किंवा गाठावे लागते, आणि असे सामने लहान वयापासून शेकड्यांनी होतात. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावी आलेली साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर हीसुद्धा खो-खोतून धावण्याकडे वळली होती, हे इथे आठवावे. धावण्यालाही असेच सामने हवेत. दर पंधरवड्याला एका तालुक्यात, साधारण समान ताकदीच्या मुलांना एकत्र सोडून, ८०० ते ३००० मीटरच्या शर्यती घ्याव्यात. काही शर्यतींत वेळ जाहीरच करू नये, फक्त क्रमांक लावावा. पावसाळा सरला की येडशीच्या माळावर किंवा तुळजापूरच्या चढावर क्रॉस कंट्री घ्यावी. याला कृत्रिम ट्रॅक लागत नाही, कोट्यवधींचा निधी लागत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. परंड्याच्या शेतमजुराच्या मुलाला पदक नको, पगार हवा. त्याला क्रमांकाच्या गोष्टी सांगून काय उपयोग? उपयोग असा की राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी जे ५ टक्के आरक्षण आहे, ते मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या स्थानावर मिळते. एकट्याने गाठलेल्या सेकंदांवर मिळत नाही. शिवाय दुसऱ्याला गाठण्यासाठी धावणारा मुलगा भरतीचा टप्पा सहज ओलांडतो. केवळ टप्प्यासाठी धावणारा दुसऱ्याला गाठेलच याची मात्र खात्री नसते. वेळ ही चांगल्या शर्यतींची उपफलश्रुती आहे. साबळेचे विक्रमही त्याच्याहून सरस माणसांच्या मागे धावतानाच सर्वाधिक सुधारले: ८ मिनिटे १२ सेकंदांच्या आत तो आला तो बर्मिंगहॅमच्या झुंजीत, आणि १० सेकंदांच्या आत आला तो पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये. त्याच्या कारकिर्दीतून विक्रमांची बेरीज तेवढी उचलली, तर या जिल्ह्याला भरतीचे उमेदवार मिळत राहतील. त्याने कोणाला, कोणत्या गतीत, कितव्या फेरीत गाठले हे शिकवले, तर धावपटू मिळतील.