पोकरमध्ये ‘अजून एक डाव’ का महागात पडतो? दोन पानांचं गणित आणि नवा कायदा

३१ जुलै २०२५ च्या रात्री राज्याचं कृषी खातं इंदापूरकडे आलं. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे कृषिमंत्री झाले आणि त्यांच्याकडचं क्रीडा व युवक कल्याण खातं माणिकराव कोकाटे यांना देण्यात आलं. या अदलाबदलीमागे होता मोबाइलवरचा पत्त्यांचा डाव.

विधान परिषदेत बसलेल्या कोकाटेंच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ मूळचे बारामतीचे असलेले आमदार रोहित पवार यांनी शेअर केला होता. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम बंद करत होतो, असं कोकाटेंचं म्हणणं होतं. वाद मात्र थांबला नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांत, २१ ऑगस्टला, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारं विधेयक संसदेनं मंजूर केलं. अशा गेममध्ये सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये गमावत होते, असा सरकारचा तेव्हाचा अंदाज होता.

पण एवढे पैसे जातात कसे? पोकरपुरतं बोलायचं, तर उत्तराचा मोठा भाग हातात आलेल्या पहिल्या दोन पानांत आहे.

दोन पानं, १,३२६ शक्यता

गावाकडे तीन पत्ती बहुतेकांना माहीत असते. ऑनलाइन सर्वांत जास्त खेळला जाणारा पोकर, म्हणजे टेक्सास होल्डम, थोडा वेगळा आहे. यात प्रत्येकाला दोन पानं मिळतात. मग टेबलावर टप्प्याटप्प्यानं पाच पानं उघडली जातात, ती सगळ्यांची सामाईक असतात. या सातांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, त्याचा डाव.

५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यात दोन एक्के मिळण्याच्या जोड्या फक्त ६, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. कुठलीही जोडी, अगदी दुर्रीचीसुद्धा, मिळण्याची शक्यता १७ डावांत एकदा.

थोडक्यात, बहुतेक वेळा हातात येतात ती सुमार पानं. म्हणून कसलेला खेळाडू बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडून देतो. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्यांदा बोलायची पाळी असेल, तर तो साधारण १० ते १५ टक्के पानंच खेळतो. कोणती पानं खेळायची आणि कोणती टाकायची, या निवडीला ‘स्टार्टिंग हँड सिलेक्शन’ म्हणतात. जास्त पानं खेळायला लागणं म्हणजे ही निवड सैल करणं.

निवड सैल करणं नेहमीच चूक असतं का?

नाही. काही वेळा ते गरजेचंच असतं.

पहिलं कारण टेबलावरची माणसं. समजा, दोन खेळाडूंना प्रत्येक डावाआधी सक्तीनं ५ आणि १० रुपये भरावे लागतात. याला ब्लाइंड म्हणतात आणि ती पाळी फिरत राहते. एका फेरीत प्रत्येकाचे १५ रुपये जातात. नऊ जणांच्या टेबलावर फेरी नऊ डावांची, सहा जणांच्या टेबलावर सहाच डावांची. एकही डाव न खेळता नुसता बसून राहणारा माणूस १०० डावांत पहिल्या टेबलावर सुमारे १६७ रुपये गमावतो, तर दुसऱ्यावर २५०. ऑनलाइन टेबलं बहुतेकदा सहा जणांची असतात, त्यामुळे तिथे थोडी जास्त पानं खेळावीच लागतात.

दुसरं कारण पाळी. सगळ्यांच्या नंतर बोलणाऱ्याला आधीच्यांच्या चाली दिसलेल्या असतात. या जागेवरून, आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील, तर चांगले खेळाडू ४० टक्क्यांच्या आसपास पानं खेळतात.

म्हणजे निवड सैल करण्यालाही हिशोब आहे. अडचण होते ती कंटाळ्यामुळे किंवा हरलेले पैसे वसूल करण्यासाठी ती सैल केली जाते तेव्हा.

सापळा कुठे आहे?

हातात एक्का आणि छक्की आली, की नवख्याला पानं भारी वाटतात, कारण एक्का आहे ना. पण समोरच्याकडे एक्का आणि राजा असेल तर? टेबलावर एक्का उघडला, की दोघांचीही जोडी लागते. मात्र राजामुळे समोरचा वरचढ ठरतो. रंग जुळत नसलेली अशी पानं समोरासमोर आली, तर एक्का-छक्कीवाला सुमारे चार डावांतून एकदाच जिंकतो. शिवाय जोडी लागल्यामुळे तो पैसेही लावत राहतो. इथे पान लागणंच महागात पडतं.

वेगवेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री ही पोकरमधली सर्वांत वाईट पानं मानली जातात. तरीही दोन एक्क्यांसमोर ती साधारण आठ डावांतून एकदा जिंकतात. लक्षात राहतो तो हाच एक डाव. सुमार पानं टाकल्यावर टेबलावर नेमकी हवी ती पानं उघडली, तर तेही लक्षात राहतं. ‘थांबलो असतो तर जिंकलो असतो’ असं वाटतं आणि पुढच्या वेळी तीच पानं खेळली जातात.

मोबाइल या सवयीला वेग देतो. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात, ऑनलाइन ६० ते ८०. शिवाय एकाच वेळी दोन-तीन टेबलं उघडता येतात.

कंपनीचा फायदा कशात?

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात, कंपनीचे नाही. कंपनी प्रत्येक डावातल्या जमा पैशांतून आपला हिस्सा कापते. याला रेक म्हणतात. टेबलावरची पानं उघडण्याआधीच डाव संपला, तर सहसा रेक कापला जात नाही.

समजा, सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. सरासरी डाव १०० रुपयांचा, रेक ५ टक्के आणि तासाला असे ७० डाव. म्हणजे तासाला ३५० रुपये टेबलावरून उठून जातात. नवे पैसे आले नाहीत, तर सुमारे १७ तासांत सगळे ६,००० रुपये संपतील. या काळात कोणीतरी जिंकत असेलही, पण सहा जणांचे मिळून पैसे कमीच होत जातात.

इथे खेळाडू आणि कंपनी यांचं हित उलट दिशेला जातं. खेळाडूचं शहाणपण पानं टाकण्यात असतं, तर कंपनीची कमाई पानं खेळली जाण्यात. ‘हा खेळ कौशल्याचा आहे’ असं जाहिरात सांगते. मात्र त्या कौशल्याचा पहिला नियम न खेळण्याचा आहे, हे ती सांगत नाही.

मग पोकर कौशल्य की जुगार?

न्यायालयांचीही यावर वेगवेगळी मतं आहेत. रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ असल्याचं सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये सांगितलं. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. पोकरबाबत मात्र गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये तो जुगार असल्याचं म्हटलं. उलट पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानं पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळलं आहे.

पोकरमध्ये कौशल्य आहे, यात शंका नाही. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ या संगणक प्रणालीनं सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. पण त्यासाठी १० हजार डावांची चाचणी घ्यावी लागली. कौशल्य दिसतं ते हजारो डावांनंतर. एका रात्रीत दिसतं ते बहुतेक नशीबच.

हा फरक बारामती-इंदापूरसारख्या भागात जास्त महत्त्वाचा आहे. इथे माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी या साखर कारखान्यांच्या ऊसबिलावर हजारो घरांचं वर्ष ठरतं. ऊस १२ ते १८ महिन्यांचं पीक, त्यामुळे पैसा एकदम हातात येतो आणि त्यातूनच सोसायटीचं कर्ज, खत, मुलांची फी भागवायची असते. हजारो डाव संपेपर्यंत वाट बघायला जे जादा भांडवल लागतं, ते अशा घराकडे नसतं. खेळणारा हुशार असला, तरी त्याचं कौशल्य दिसण्याआधीच बिल संपू शकतं.

नवा कायदा काय म्हणतो?

२०२५ च्या कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून ऑनलाइन खेळणं असेल, तर तो खेळ कुठलाही असो, बंदी. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात करणाऱ्यासाठी ही मर्यादा दोन वर्षं आणि ५० लाखांची आहे. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. कायद्यानंतर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे गेम थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या हायकोर्टांतल्या याचिका सुप्रीम कोर्टानं स्वतःकडे घेतल्या.

पण सवय कायद्यानं एका दिवसात सुटत नाही. फुकटच्या चिप्सवर चालणाऱ्या पोकरमध्ये हरण्याची किंमत शून्य असते. त्यामुळे लोक आलेली प्रत्येक पानं खेळतात आणि तीच सवय लागते. दुसरीकडे परदेशातून चालणारी ॲप आणि मेसेजिंग ग्रुपवरून येणाऱ्या लिंक आहेत. तिथे पैसे अडकले, तर दाद मागायची कोणाकडे, हाच प्रश्न असतो. अनोळखी खात्यात पैसे पाठवायला सांगितलं जात असेल, तर तिथेच थांबलेलं बरं.

ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करता येते. खेळणं थांबवता येत नसेल, झोप उडाली असेल किंवा घरच्यांपासून कर्ज लपवावं लागत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. घरात असं कोणी असेल, तर आधी ‘किती हरलास?’ विचारण्यापेक्षा हा नंबर लावून दिलेला जास्त उपयोगी पडतो. हरलेली रक्कम लपवण्याच्या धडपडीतच अनेकदा पुढचा डाव खेळला जातो.