एक छत्री, अनेक बोली

सीमाभागातील घराच्या गच्चीवर दूरचित्रवाणीची डिश कोठे बसवावी, हा प्रश्न कारागीर सोडवतो. तिच्यातून कोणत्या भाषा घरात घ्याव्यात, हा प्रश्न मात्र घरातील वडीलधाऱ्यांनीच सोडवावयाचा असतो. माझे म्हणणे एवढेच की, निपाणी-बेळगावकडील आपल्या सग्यासोयऱ्यांनी हा दुसरा प्रश्न आधी सोडवावा आणि मग माणूस छपरावर चढवावा. आज बहुतेक घरी हा क्रम उलटा असतो. दुकानदार पुढ्यात टाकेल तो वाहिन्यांचा गठ्ठा आपण घेतो आणि पुढे वर्षानुवर्षे तोच ऐकत बसतो.

कोल्हापुराहून निपाणी चाळीसेक किलोमीटर. आपल्या जुन्या घराण्यांपैकी कितीजणांच्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत आणि कितीजणांच्या सुना तिकडून आलेल्या आहेत, हे वाचकांना मी सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्ये राज्याची सीमा आली. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्रास द्यावी असे सुचवले, बेळगाव मात्र दिले नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. सीमा जमिनीवर आखता येते, आकाशात आखता येत नाही, एवढेच येथे पुरे. १९५० साली धारवाडचे आणि १९६३ साली सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. या दोहोंच्या मधल्या मुलखात रेडिओची सुई थोडी फिरवली की कानडी, आणखी थोडी फिरवली की मराठी! तेथे भाषा निवडण्यास कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

उपग्रहाचेही तसेच आहे. १९७५-७६ साली अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रयोग झाला. त्यात उत्तर कर्नाटकातील खेडी होती आणि त्यांच्यासाठी कार्यक्रम कानडीत होते. म्हणजे या मुलखाच्या शेजारी आकाशातून भाषा उतरू लागल्याला अर्धशतक झाले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क सेवा सुरू झाली. तिलाच आज डीडी फ्री डिश म्हणतात. एकदा डिश आणि बॉक्स विकत घेतला की महिन्याची वर्गणी नाही. तिच्यावर मराठीची सह्याद्री आहे आणि कानडीची चंदनाही आहे. बेताच्या मिळकतीच्या घराने आरंभ येथूनच करावा, असे माझे मत आहे.

आता थोडे छपराविषयी. फ्री डिशचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. निपाणी-बेळगावहून पाहिले तर तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच येतो. इतका उंच असल्यामुळे दूरचे झाड आड येत नाही. भिंतीला लागून असलेला माड वा आंबा मात्र येतो. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, म्हणून डिशचे तोंड दक्षिणेकडे अधिक वळते, एअरटेलचा १०८.२ अंशांवर, म्हणून ते पूर्वेकडे अधिक वळते. अर्थात एका सेवेची डिश तशीच ठेवून दुसरीच्या वाहिन्या दिसत नाहीत. बेळगावचा पाऊस तर सर्वश्रुत आहे. मोठ्या सरीत हे संदेश क्षीण होतात आणि चित्र चौकोनाचौकोनांत फुटते. त्याला इलाज म्हणजे थोडी मोठी डिश, नेमका नेम आणि वाऱ्याने न हलणारा खांब. कौलांवर आधार धरू नये, पक्क्या भिंतीचा धरावा.

एवढे झाले की गठ्ठ्याचा प्रश्न येतो. गठ्ठे प्रांतवार बांधलेले असतात. पत्ता कर्नाटकातला, म्हणून कानडीचा गठ्ठा पुढे येतो. मराठी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. येथे पुष्कळ जण रागावतात आणि दुसऱ्या टोकाला जाऊन निव्वळ मराठीचा गठ्ठा घेतात. माझ्या मते दोन्ही चुकते. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करणे बंधनकारक केले आणि सुटी वाहिनी निवडण्याचा हक्क ग्राहकास दिला. तो हक्क वापरावा. कागद घेऊन बसावे, घरातील प्रत्येकाला एकेक वाहिनी विचारावी आणि तेवढ्याच घ्याव्यात.

निपाणीकडील एका शिष्याच्या घरी अलीकडे असाच बेत चालला होता. आजी कोल्हापूरच्या, सूनबाईंचे माहेर गोकाकचे, नातू कानडी शाळेत जाणारा. ठरले असे की, तीन खोल्यांत तीन संच आणि तीन बॉक्स घ्यावेत, म्हणजे भांडण नको. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "आजी, भांडण राहील तर भाषा राहील. तीन खोल्या केल्यात तर नातवाला तुमची मराठी कोणी ऐकवावी?" दिवाणखान्यात एकच संच असावा. संध्याकाळचा एक तास मराठीचा, एक कानडीचा, उरलेला मुलांचा. सूनबाईंच्या मालिकेतील एखादा शब्द आजींनी विचारावा, आजींच्या नाटकातील पद सूनबाईंनी ऐकावे. खर्चही एकाच बॉक्सचा.

यावर आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. शाळा कानडी, दुकानाची पाटी कानडी, सरकारी कागद कानडी. आता घरातही कानडी वाहिनी घेतली तर मराठीला उरले काय? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात नातू आजीला तोडक्या मराठीत उत्तर देतो, तेथील दुःख मी पाहिलेले आहे. परंतु कानडी कानावर पडल्याने मराठी जात नाही. मराठी कानावर न पडल्याने ती जाते. म्हणून मराठीचा तास कोणासाठीही मोडू नये आणि कानडीचा तास कोणी चोरू नये.

आमच्या विद्येचा इतिहासही हेच सांगतो. माझे वडील दरबारी गवई. दरबारी कानडा शिकवताना ते म्हणत, "अरे, दरबार आपला, कानडा त्यांचा, आणि राग दोघांचा." मराठी संगीत नाटकाची घडी ज्यांनी १८८० साली 'शाकुंतल'ने बसवली, ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व त्याच जिल्ह्यातील सुळेभावीचे, घरची भाषा कानडी. गदगकडचे भीमसेन जोशी मराठी अभंग गात तितक्याच तन्मयतेने कानडी दासरपदे गात. या थोरांच्या कानावर लहानपणी एकच भाषा पडावी असा बंदोबस्त कोणी केला असता, तर आपल्या पदरात काय पडले असते, याचा विचार सुज्ञांनी करावा.

विद्यार्थ्याला तंबोरा लावावयास शिकवताना मी प्रथम तारा वेगवेगळ्या ऐकवतो. एकेक तार आपल्या ठिकाणी खरी लागली, तरच चारही मिळून घुमतात. एक सैल सोडली तर सगळा नाद बिघडतो. सीमेवरच्या घरात मराठीची तार सैल पडू नये, एवढे पाहणे आपले काम आहे. बाकीच्या तारा तोडण्याने ते साधत नाही.

तेव्हा पावसाळा येण्यापूर्वी डिश जरूर बसवावी. कारागीर येण्याच्या आदल्या रात्री मात्र सर्वांनी एका चटईवर बसून वाहिन्यांची यादी करावी, आणि ती यादी आजींच्या हातची असावी.