वलगावचा दवाखाना, 'आभा' नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे रिपोर्ट: डिजिटल साधनांनी लहान डॉक्टरांचं काम खरंच हलकं होतं का?

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की थोड्याच वेळात पेढी नदी आणि वलगाव लागतं. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच नदीच्या पुलाजवळ देह ठेवला, म्हणून हे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. आजचं वलगाव म्हणजे शहराला लागून असलेलं, आजूबाजूच्या खेड्यांसाठी बाजाराचं आणि दवाखान्याचं गाव.

अशा गावांत आरोग्यसेवेचा मोठा भार खासगी लहान दवाखाने उचलतात. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक बाकडं आणि टेबलावर जाडजूड वही, हे त्याचं साधारण चित्र. गेल्या काही वर्षांत या टेबलावर आणखी काही गोष्टी आल्या आहेत. क्यूआर कोडचं स्टिकर, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे लॅबचे रिपोर्ट आणि 'आभा नंबर काढला का?' हा प्रश्न.

केंद्र सरकार म्हणतं, प्रत्येक नागरिकाची आरोग्य नोंद डिजिटल झाली पाहिजे. सॉफ्टवेअर कंपन्या म्हणतात, आमचं अ‍ॅप घ्या, वेळ वाचेल. पण वहीवर चालणाऱ्या दवाखान्याला यातून नेमकं काय मिळतं? आणि रुग्णाला काय?

दुखणं रांगेचं की कागदाचं?

डिजिटल दवाखाना म्हटलं की आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट डोळ्यांसमोर येते. गावात मात्र लोक एसटीच्या वेळेनुसार, बाजाराच्या दिवशी, शेतातलं काम आटोपून येतात. 'सव्वासहाची वेळ' इथे फारशी चालत नाही.

खरी अडचण कागदाची आहे. बीपी आणि शुगरचा रुग्ण वर्षानुवर्षं त्याच डॉक्टरकडे येतो, पण मागच्या वेळी कोणती गोळी वाढवली, शुगर किती होती, हे त्याच्या पिशवीतल्या चुरगळलेल्या चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी घरी राहिली की 'ती पांढरी गोल गोळी' एवढीच माहिती उरते.

रुग्णाला पुढे पाठवायची वेळ आली की ही अडचण जिवावर बेतू शकते. वलगावचा गंभीर रुग्ण अमरावतीला इर्विन म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात जातो, बाळंतीण डफरीनला जाते. सोबत काय जातं? बहुतेकदा लेटरहेडवरच्या चार ओळी.

फवारणीच्या दिवसांचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला होता. असा रुग्ण आधी गावातल्या दवाखान्यातच येतो. कोणतं औषध फवारलं, अ‍ॅट्रोपिन दिलं का, किती दिलं आणि किती वाजता, हे पुढच्या डॉक्टरला लगेच कळणं फार महत्त्वाचं असतं. ती माहिती रुग्णासोबत पोहोचली नाही, तर उपचार अंदाजाने सुरू होतात.

म्हणजे डिजिटल साधनाची पहिली कसोटी अशी: रुग्णाची नोंद रुग्णाबरोबर पुढे जाते का?

'आभा' म्हणजे काय आणि काय नाही?

याच प्रश्नाचं सरकारी उत्तर म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. १५ ऑगस्ट २०२० रोजी त्याची घोषणा झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर लागू झालं.

यात रुग्णाला 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. डॉक्टरांची एक नोंदवही आहे आणि दवाखाने, रुग्णालयं, लॅब यांची दुसरी. तिन्ही जोडले की वलगावच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या परवानगीने अमरावतीच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरला दिसू शकते.

याबद्दल दोन गैरसमज पक्के बसले आहेत.

पहिला, आभा कार्ड म्हणजेच आयुष्मान कार्ड. तसं नाही. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. आभा हा फक्त नोंदींचा क्रमांक आहे, त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. तो काढणं ऐच्छिक आहे.

दुसरा, आभा काढला की सगळे रिपोर्ट आपोआप सरकारकडे जमा होतात. तसंही नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाने संमती दिली की दुसरीकडे दिसते. पण त्यासाठी ती नोंद मुळात संगणकात असावी लागते. डॉक्टर वहीतच लिहीत असतील तर आभा नंबर असूनही त्यात काहीच दिसणार नाही.

मग दवाखाने वहीच का धरून बसतात?

आळस किंवा तंत्रज्ञानाची भीती हे सोपं उत्तर झालं. साधा हिशेब वेगळं सांगतो. समजा, डॉक्टर संध्याकाळी ६० रुग्ण पाहतात. प्रत्येकाची नोंद टाइप करायला हातापेक्षा एक मिनिट जास्त लागलं, तर रोज एक तास वाढला. हा तास रुग्णाच्या तपासणीतून जातो किंवा डॉक्टरच्या घरच्या वेळेतून. त्याचे पैसे कोणी देत नाही.

फायदा मात्र बराचसा दुसरीकडे होतो. नीट नोंद असेल तर पुढच्या रुग्णालयाचं काम सोपं होतं, विमा कंपनीची तपासणी सोपी होते, सरकारला आकडेवारी मिळते. मेहनत एकाची आणि सोय दुसऱ्याची, हे या सगळ्या योजनेचं अवघड जागेचं दुखणं आहे.

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. १ जानेवारी २०२३ पासून डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजना सुरू झाली. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त नोंदी आभाशी जोडणाऱ्या संस्थांना त्यात रक्कम देण्याचं ठरलं, कमाल मर्यादा ४ कोटी रुपये होती. पण एवढा आकडा मोठ्या रुग्णालयांच्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या आवाक्यातला. लहान दवाखान्यांसाठी २०२५ मध्ये सरकारी संगणक संस्था सी-डॅकच्या 'ई-सुश्रुत@क्लिनिक' या हलक्या आणि स्वस्त सॉफ्टवेअरचा मार्ग पुढे आला.

आणखी एक अडचण गावातलीच आहे. आभा काढायचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे आधारचा ओटीपी. आजीचं आधार मुलाच्या मोबाइलला जोडलेलं, मुलगा पुण्यात कामावर. त्याला फोन लावा, ओटीपी विचारा, तोपर्यंत मागे दहा जण ताटकळलेले. मोठ्या रुग्णालयात यासाठी वेगळी खिडकी असते. इथे सगळं एका कंपाउंडरच्या डोक्यावर.

हरिसालने काय शिकवलं?

अमरावती जिल्ह्याला डिजिटल प्रयोग नवे नाहीत. मेळघाटातलं हरिसाल २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टच्या या प्रकल्पात टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट आणण्यापासून टेलिमेडिसिनपर्यंत बरंच काही होतं.

पुढे एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत हरिसालची अवस्था दाखवली आणि सरकारी जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच व्यासपीठावर आणलं. भाजपने आरोप फेटाळले. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतोच. उद्घाटनानंतर यंत्र चालू कोण ठेवणार? नेटवर्क गेलं, बॅटरी बसली, शिकवलेला माणूस बदलून गेला, तर काय?

वलगाव मेळघाटइतकं दुर्गम नाही, शहर जवळ आहे. तरी हा प्रश्न इथेही लागू पडतो. इतकंच कशाला, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या रुग्णालयालाही कित्येक दिवस कागदावर काम करावं लागलं होतं. त्यामुळे इंटरनेट नसतानाही चालणारं सॉफ्टवेअर आणि वेगळ्या ठिकाणी रोज ठेवलेली प्रत या दोन गोष्टी लहान दवाखान्यालाही टाळता येत नाहीत.

कोणती साधनं खरंच कामाची?

सगळं एकदम बदलायला गेलं की आठवड्यात पुन्हा वही बाहेर येते. ज्या साधनाने पहिल्याच महिन्यात डॉक्टर किंवा रुग्णाचं काम कमी होतं, तेच टिकतं.

*जुनाट आजारांच्या नोंदी:* सर्दी-तापाच्या प्रत्येक रुग्णाची लांबलचक नोंद करण्यापेक्षा बीपी, शुगर, दमा, थायरॉइड, गरोदर स्त्रिया यांच्यापासून सुरुवात केली तर फायदा लगेच दिसतो. हे रुग्ण पुन्हा पुन्हा येतात. एकदा टाइप केलेली औषधांची यादी पुढच्या वेळी एका बटणावर निघते. इथे मिनिट वाढत नाही, वाचतं.

*छापील चिठ्ठी:* औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ पासून आहे. २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येणारी चिठ्ठी हा रुग्णाच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. छापील चिठ्ठीने मेडिकलवाल्याचा अंदाज संपतो. शेवटी 'सकाळी जेवणानंतर एक' असं मराठीत छापून आलं तर घरच्यांनाही कळतं.

*फोनवरचा सल्ला:* २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी फोन आणि व्हिडिओवरच्या सल्ल्याला नियमांची चौकट मिळाली. ओळखीच्या रुग्णाचा जुनाच आजार असेल तर फोनवर औषध पुढे चालू ठेवता येतं, फी घेता येते. पण त्याचीही नोंद ठेवावी लागते, आणि हात लावून तपासण्याची गरज असेल तर रुग्णाला बोलावणं डॉक्टरचं काम आहे. तज्ज्ञाचा सल्ला हवा असेल तर सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे.

*निक्षय:* क्षयरोगाच्या नोंदीचं हे सरकारी पोर्टल. खासगी डॉक्टरांना क्षयरुग्णाची माहिती कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की रुग्णाला पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात. आधी ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. नोंद करणाऱ्या खासगी डॉक्टरलाही मानधन आहे. टाइप करण्याचा मोबदला रुग्णाच्या खात्यात थेट दिसतो, असं हे दुर्मिळ उदाहरण.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रिपोर्टची जबाबदारी कोणाची?

गावातलं सर्वांत लोकप्रिय 'आरोग्य सॉफ्टवेअर' म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. लॅबवाला रिपोर्ट पाठवतो, नातेवाईक जखमेचा फोटो पाठवतात, डॉक्टर तो तज्ज्ञ मित्राला पाठवतात. सोय मोठी आहे, पण धोकाही तितकाच.

हे रिपोर्ट कोणाच्या फोनवर असतात? अनेकदा कंपाउंडरच्या. उद्या त्याने नोकरी सोडली तर शेकडो रुग्णांची माहिती त्याच्या खिशात जाते. गरोदरपण, एचआयव्ही, मानसिक आजार यांची बातमी गावात फिरायला एक फॉरवर्ड पुरतो. शहरात रुग्ण अनोळखी असतो. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून गोपनीयतेची गरज गावात जास्त आहे.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दवाखान्याला एवढा दंड होईल असं नाही, पण कायद्यातून त्याला सरसकट सूटही नाही. दवाखान्याचा वेगळा फोन, त्याला पासवर्ड आणि रिपोर्ट पाहून झाल्यावर तो रुग्णाच्या नोंदीत टाकून चॅटमधून काढणं, एवढी शिस्त आजही लावता येते.

रुग्णांच्या हातात काय आहे?

सगळं डॉक्टरवर सोडायचं कारण नाही. घरात बीपी-शुगरचं माणूस असेल तर चालू औषधांच्या चिठ्ठीचा आणि शेवटच्या रिपोर्टचा स्पष्ट फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते त्यातच लिहा. आभा काढायचा असेल तर ओटीपी फक्त तुमच्या समोर बसलेल्या माणसाला द्या, फोनवर मागणाऱ्याला नाही. आणि आधारला जोडलेला नंबर आजही चालू आहे ना, हे आजारी पडण्याआधी तपासा.

डॉक्टरांवरचा दबाव मात्र पुढे वाढणारच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या नियमांत तीन वर्षांत सगळ्या नोंदी डिजिटल करण्याची अट होती. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, तरी दिशा स्पष्ट आहे.

प्रश्न एवढाच की ही सक्ती येईल तेव्हा एका कंपाउंडरवर चालणाऱ्या दवाखान्याचा तो रोजचा एक तास कोण भरून देणार? आभा नंबर किती निघाले, हा आकडा सरकार सांगतं. पण वलगावहून इर्विनला गेलेल्या रुग्णाची नोंद तिथल्या डॉक्टरला दिसली का, हे ज्या दिवशी मोजलं जाईल, त्या दिवशी या योजनेचा खरा निकाल कळेल.