मालिशने काय होते आणि काय होत नाही

दिवाळी सरली की वऱ्हाडात कापसाच्या वेचणीला वेग येतो आणि तिच्याबरोबर कंबरदुखीचा हंगामही सुरू होतो. कमरेला कापडाची झोळी बांधून दिवसभर वाकलेली मजूर स्त्री संध्याकाळी घरी परतते ती कमरेवर हात ठेवूनच. तिच्यासाठी घरात उपाय ठरलेला असतो: वाटीभर कोमट तेल, सुनेचे किंवा लेकीचे हात आणि वरून विटेचा शेक. अमरावती-अकोल्याच्या शाळांतून फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचे, कचेरीत संगणकापुढे मान वाकवून बसणाऱ्या कारकुनाचे आणि स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याचे दुखणे वेगळ्या वाटेने येते. पण तेही बहुधा त्याच तेलाच्या वाटीपाशी येऊन थांबते. पगारदाराला एवढीच अधिक सोय की, त्याच्यासाठी शहरात पंचकर्म केंद्रे आहेत, भौतिकोपचाराचे दवाखाने आहेत आणि 'जुनाट दुखणे मुळापासून बरे' अशी ग्वाही देणारे फलकही आहेत.

या ग्वाहीवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्यात पैसा जातो, आणि कधी कधी त्याहून मोलाचा असा वेळ जातो. जे मालिशला सर्व दुखण्यांवरचा रामबाण म्हणतात त्यांच्याकडे याचे उत्तर नाही; आणि मालिश म्हणजे निव्वळ अडाण्यांची समजूत असे म्हणून जे मोकळे होतात त्यांच्याकडेही ते नाही.

वऱ्हाडाला मालिश नवी नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. वैद्य बंधूंनी लावलेल्या या रोपट्याचा विस्तार असा झाला की, १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिनला जाऊन तेथे ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. ज्या आखाड्यांच्या परंपरेतून अशा संस्था उभ्या राहिल्या, त्या परंपरेत तेल आणि माती यांना जोरबैठकांइतकाच मान होता. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आखाड्यातील मालिश ही निरोगी शरीराची चाकरी होती. कसरतीने थकलेले स्नायू सैल करून पहिलवानाला दुसऱ्या दिवशीच्या कसरतीला उभे करणे एवढेच तिचे काम. आयुर्वेदातील अभ्यंगाचे स्थानही मुळात दिनचर्येत आहे. वाग्भटाने तो रोज करावा असे सांगितले, डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला, आणि त्याच जोडीने कफाने ग्रासलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतेच शोधन झालेल्याने तो करू नये असेही बजावले. आपल्याकडे पहिला भाग सर्वांच्या तोंडी असतो. दुसरा, निषेधाचा भाग फलकावर कधीच येत नाही.

लोकव्यवहारातील उपचार तर याहूनही मजेशीर. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे, वऱ्हाडातही आहे. गंमत अशी की, पुष्कळांना त्याने बरे वाटते. यात पायाळूच्या जन्माचा काही हात नसतो. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपणच उतरते. मधल्या काळात ज्याने पाय लावला त्याला यश मिळते. मालिश करणाऱ्याच्या, वैद्याच्या आणि डॉक्टरच्याही कीर्तीचा बराच भाग निसर्गाच्या या उदारपणावर उभा असतो.

म्हणूनच तुलना करून पाहावी लागते. २०१५ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने कंबरदुखीवरील मालिशच्या २५ चाचण्यांचा, म्हणजे तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अनुभवाचा, एकत्र आढावा घेतला. मालिश घेणाऱ्यांना उपचार न घेणाऱ्यांपेक्षा थोड्या काळापुरता आराम पडल्याचे त्यात दिसले. परंतु चाचण्यांचा दर्जा असा की, या निष्कर्षावर फारसा भरवसा ठेवता येत नाही, असेही आढावाकारांनीच लिहून ठेवले. मानदुखीच्या बाबतीत २०२४ चा त्याच संस्थेचा आढावा अधिकच निराशाजनक आहे. लटक्या उपचाराशी तुलना केली तेव्हा खऱ्या मालिशने फारसा फरक पडलेला आढळला नाही.

अमेरिकेतील सिअॅटल येथे झालेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी मात्र सामान्य माणसाच्या दृष्टीने विशेष उपयोगाची आहे. जुन्या कंबरदुखीचे ४०१ रुग्ण तीन गटांत विभागले गेले. एका गटाला आठवड्यातून एकदा याप्रमाणे दहा वेळा साधी, अंग सैल करणारी मालिश. दुसऱ्याला तितक्याच वेळा स्नायूंचे दोष हुडकून करावयाची तंत्रशुद्ध मालिश. तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांअखेर मालिशचे दोन्ही गट तिसऱ्याच्या पुढे होते. सहा महिन्यांपर्यंत त्या लाभाचा काही अंश टिकला. वर्षभराने तो जवळजवळ विरून गेला. आणि साधी मालिश व तंत्रशुद्ध मालिश यांत म्हणण्यासारखा फरक काही निघाला नाही. 'खास पद्धती'च्या नावाखाली दुप्पट पैसे मागितले जातात तेव्हा हा शेवटचा निष्कर्ष आठवावा.

तेव्हा अपेक्षा ठेवावी ती एवढी: दुखणे काही दिवस किंवा काही आठवडे हलके होईल, झोप बरी लागेल, ताठलेली पाठ वळू लागेल. हेही थोडे नव्हे. ज्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही त्याला हे दोन आठवडे फार मोलाचे असतात, कारण त्या अवधीत तो चालू शकतो, व्यायामाला लागू शकतो. जुन्या कंबरदुखीत टिकाऊ गुण येतो तो पुष्कळसा हालचालीने. मालिश ही त्या हालचालीची वाट मोकळी करून देते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी शेक आणि मालिश सुचविली; जुन्या कंबरदुखीच्या यादीत मात्र व्यायाम आणि योग आले, मालिश आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिने मालिशला स्थान दिले खरे, पण शिक्षण आणि व्यायाम यांच्या पंगतीत. आणि कमरेचे पट्टे व वजन लावून ताणणे यांची शिफारस करू नये असे सांगितले. आपल्याकडे घरोघरी खुंटीला लटकलेले पट्टे पाहिले म्हणजे ही शिफारस किती दूरची वाटते!

मालिशने आराम कसा पडतो, याविषयीच्या कल्पनाही तपासल्या पाहिजेत. 'अंगातले विष निघून जाते', 'तेल हाडापर्यंत मुरते' ही वाक्ये ऐकायला बरी वाटतात. त्यांना आधार नाही. तेलाचे काम घर्षण कमी करण्याचे. मग ते तिळाचे असो, जवसाचे असो वा मोहरीचे. आरामाचे कारण बरेचसे मज्जासंस्थेत आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ मध्ये असा सिद्धांत मांडला की, स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले म्हणजे वेदनेच्या संदेशांची वाट अडते. डोके आपटले की हात आपोआप तेथे जाऊन चोळू लागतो, तो याच नियमाने. २०१२ मध्ये कॅनडातील संशोधकांनी व्यायामाने थकलेल्या तरुणांच्या मालिश केलेल्या स्नायूंचे तुकडे तपासले. दाह घटल्याच्या खुणा त्यांना सापडल्या, पण ज्या लॅक्टिक आम्लाला बाहेर घालविल्याचे श्रेय मालिशला दिले जाते त्यात काही बदल नव्हता.

आणि काही भाग निव्वळ मायेचा असतो. तो हिशेबात धरू नये असे कोणी म्हणेल. परंतु वऱ्हाडच्या शेजारी, सेवाग्रामच्या आश्रमात, १९४० च्या सुमारास महात्मा गांधी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करीत, ती कुष्ठरोग बरा व्हावा एवढ्याच भाबड्या आशेने नव्हे. ज्या शरीराला कोणी शिवत नव्हते त्याला तो स्पर्श होता. दीर्घकाळ दुखणे सोसणारा माणूसही घरात हळूहळू एकटा पडतो, त्याच्या कण्हण्याकडे कोणी लक्ष देईनासे होते. अर्धा तास कोणी आपल्याच पाठीकडे लक्ष देऊन बसले, याचे त्याला मोल असते.

आता धोक्याची बाजू. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली असता ती चोळणे जिवावर बेतू शकते; शिरेत गोठलेली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. छातीपासून डाव्या खांद्यात, हातात किंवा जबड्यात कळ येत असताना 'वात धरला' म्हणून बाम चोळत बसण्यात हृदयविकाराची मोलाची घटका निघून जाते. वृद्ध माणूस पडला आणि कंबर धरली तर आधी हाड शाबूत आहे का ते पाहावे. पायातील जोर जाणे, जांघेपाशी बधिरता येणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे असली तर एक दिवसही मालिशमध्ये घालवू नये. ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठविणारी कळ यांचेही कारण आधी शोधावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी जोराचा दाब टाळावा. केस कापून झाल्यावर न्हाव्याने मानेला दिलेला झटका अनेकांना सुखाचा वाटतो. त्या झटक्याने मानेतील धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

आणखी एक शब्द सध्या घराघरात शिरला आहे: 'मणक्यात गॅप'. क्ष-किरणाच्या चित्रावर बोट ठेवून तो उच्चारला की धडधाकट माणूस वाकायला भितो. वास्तविक ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या आढळल्या. केसांच्या पांढरेपणासारखीच ही वयाची खूण म्हणावयाची. मालिश करून ही 'गॅप' भरून देतो असे जो सांगतो, त्याच्याकडून उठून यावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात संधिवात आणि पक्षाघात ही दोन्ही नावे आहेत. ते हमखास बरे करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. बसस्थानकांच्या आसपासच्या भिंती वाचणाऱ्याला मात्र असा काही कायदा असेल अशी शंकाही येणार नाही.

चांगला उपचारक ओळखणे अवघड नाही. तो हात लावण्याआधी विचारतो: दुखणे केव्हापासून, कोठे पसरते, कोणती औषधे चालू आहेत. दाब सोसतो की नाही हे तो मधून मधून विचारतो, कारण 'जितके दुखेल तितका गुण' हा समज चुकीचा आहे. दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकेल हे तो आधीच सांगतो. कॉक्रेनच्या आढाव्यातील निरनिराळ्या चाचण्यांत दीड ते पंचवीस टक्के रुग्णांचे दुखणे मालिशने वाढल्याची नोंद आहे. चार-पाच बैठकांत फरक पडला नाही तर तो पुढच्या वीस बैठकांचे पैसे आगाऊ घेत नाही, आणि घरी करावयाचा व्यायाम शिकविल्याशिवाय रुग्णाला सोडत नाही.

अशी पारख रुग्णाच्या शिरावर का टाकावी, हा रास्त प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये मालिशच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांचा बभ्रा झाला तेव्हा १८९४ मध्ये काही परिचारिकांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा ठेवल्या, नियम केले. तीच पुढे तेथील भौतिकोपचारकांची सनदी संस्था झाली. आपल्याकडे भौतिकोपचाराला चार वर्षांहून अधिक काळाचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्या व्यवसायाला नियमनाची चौकटही दिली. पण मालिशचा फलक लावून बसलेल्या माणसाने काय शिकले आहे, हे रुग्णाला कोठे पाहता येते?

वऱ्हाडात शिकविणाऱ्यांची वाण नाही. अकोल्यात राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय आहे, अमरावतीत विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय आहे. अकोल्याला २००२ पासून आणि अमरावतीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मात्र यांतील बहुतेक सोयी जिल्ह्याच्या ठिकाणी. धारणीहून अमरावती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि किलोमागे मजुरी मिळविणाऱ्या वेचणाऱ्या बाईला दवाखान्यासाठी दिवस मोडणे म्हणजे त्या दिवसाची भाकर मोडणे. तिला महिनाभराच्या बैठका परवडणार नाहीत. तिच्या सुनेला हलक्या हाताने पाठ कशी चोळावी, पोटरी केव्हा चोळू नये, वेचताना दर तासाला पाठ कशी मागे वळवावी, एवढे कोणी बांधावर येऊन दाखविले तरी पुष्कळ झाले. त्यासाठी एका विद्यार्थ्याचा अर्धा दिवस पुरतो. वेचणी नोव्हेंबरात भरात असते, आणि महाविद्यालये त्या सुमारास दिवाळीची सुटी संपवून उघडलेली असतात.