एकॉर्डियनचें गोत्र

संगीतांत संकर झाला कीं नाक मुरडणारांची वाण आपल्याकडे कधींच पडली नाहीं. आयर्लंडमधील क्लेअर परगण्याची एकॉर्डियनवादिका शॅरन शॅनन हिची ‘द डायमंड माउंटन सेशन्स’ ही २००० सालची ध्वनिमुद्रिका घ्या. तींत अमेरिकन गायक स्टीव्ह अर्ल आहे, स्पेनच्या गॅलिशिया प्रांतांतला वादक कार्लोस नून्येझ आहे. अशा मेळाव्यानें केल्टिक संगीत बाटतें, हा शुद्धिवाद्यांचा आक्षेप. आम्ही त्यांस एवढेंच विचारतों कीं, एकॉर्डियन तरी केल्टिक केव्हां होतें? व्हिएन्नांत सिरिल डेमियन यानें १८२९ सालीं त्याचें पेटंट घेतलें. आयर्लंडांत तें रुळलें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. ज्याचें सोवळें राखावयाचें तेंच मुळीं पाहुणें!

हाच न्याय घरीं लावून पाहावा. बीडहून परळीच्या वाटेवर, साखर कारखान्याचें तेलगांव लागतें. तेथें, किंवा मराठवाड्यांतील कोणत्याही गांवीं, हरिनाम सप्ताहास जाऊन बसावें. वीणा आहे, टाळ आहेत, पखवाज आहे आणि शेजारीं पेटी आहे. ती एकॉर्डियनची चुलत बहीण. दोहींत भात्याच्या वाऱ्यानें धातूची पातळ जीभ थरथरते. हार्मोनियमचें पेटंट १८४२ सालीं पॅरिसांत निघालें, म्हणून कोणी वारकरी कीर्तनांतून उठून गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

उठले ते विद्वान. दिल्लीच्या नभोवाणीवरील इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं पेटीवर टीकेची झोड उठविली, रवींद्रनाथही विरोधांत होते, आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें तिला दार बंद केलें. तें किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडलें. परकें वाद्य हांकलण्याचा उपदेशही परक्याकडून घ्यावा, ही मौज आमच्या स्वदेशाभिमान्यांच्या ध्यानांत आली होती कीं नाहीं, कोण जाणे.

त्या आक्षेपांत तथ्य नव्हतें असें नव्हे. ठरीव बारा सुरांच्या पट्ट्यांवर मींड निघत नाहीं, श्रुतींची सूक्ष्मता हरवते. पण हा दोष घडणीचा आहे, जन्मस्थानाचा नाहीं. आणि त्यावर उतारा शोधला तो वादकांनीं. ‘मानापमान’ नाटकाला १९११ सालीं चाली देणारे गोविंदराव टेंबे, किंवा जालन्याजवळच्या जळगांवांत १९२२ सालीं जन्मलेले आप्पा जळगांवकर यांचीं बोटें ऐकावीं. भीमसेन जोशींच्या तानेमागें आप्पांची पेटी छायेसारखी चाले; पुढें घुसत नसे, मागेंही पडत नसे.

मिश्रणाची परीक्षा आम्ही येथें करतों. शॅननचें एकॉर्डियन अर्लच्या ‘गॉल्वे गर्ल’ या गाण्यांत कडव्याला वाट देतें आणि मोकळी जागा मिळतांच धांवूं लागतें. याउलट कित्येक ‘फ्यूजन’ मैफलींत चार देशांचे चार वादक एकाच वेळीं आपापलें वाजवितात आणि दुसऱ्याचें कोणीच ऐकत नाहीं. तेथें शुद्धिवाद्यांनीं अवश्य ओरडावें; आम्हीही ओरडूं.

परंतु त्यांचा रोख भलतीकडेच असतो. अलीकडे भजनी मंडळांत पेटीच्या जागीं विजेचा कीबोर्ड येऊं लागला आहे. त्यांत ठेका कळ दाबून लावतां येतो. बुवा अभंगाच्या मध्यें थबकले, एखाद्या शब्दावर रेंगाळले, तर भात्यावरचा हात त्यांच्यासह थबकतो. कळीचा ठेका तसाच पुढें जातो.