शोनेन जंपचं इंग्रजी मासिक बंद का पडलं, आणि मराठी मंगा अजून का नाही?

१२ सप्टेंबर २०२५ ला 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' भारतात लागला. जपानी आणि इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगू डबही आला, पण मराठी नाही. या सिनेमाची मूळ गोष्ट २०१६ ते २०२० या काळात 'वीकली शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात चॅप्टर-चॅप्टरने छापली गेली होती. आज कराडला किंवा विट्यात बसून तुम्ही ती मोबाईलवर वाचता, आणि तीही बहुतेक इंग्रजीत. हे इंग्रजी आपल्यापर्यंत कसं पोचलं आणि मराठी कुठे अडलंय, हे समजायला एका मासिकाचा इतिहास बघावा लागेल.

मुळात जंप चालतं कसं?

१९६८ मध्ये सुरू झालेलं हे साप्ताहिक १९९४ च्या अखेरीस एका अंकाच्या ६५ लाखांहून जास्त प्रतींवर पोचलं. त्याची खरी युक्ती होती अंकासोबतचं पोस्टकार्ड. कुठली गोष्ट आवडली, ते वाचक लिहून पाठवायचे. मतं कमी पडली की मालिका बंद, मग चित्रकार कितीही मोठा असो. म्हणजे तिथे वाचक फक्त गिऱ्हाईक नव्हता, त्याचं मत मोजलं जायचं. पुढचं वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा.

इंग्रजी अंक

नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या व्हिझ कंपनीने इंग्रजी 'शोनेन जंप' बाजारात आणलं. पहिल्याच अंकाच्या तीन लाखांवर प्रती खपल्या. 'ड्रॅगन बॉल झी', 'यू-गी-ओह', 'वन पीस' एकाच जाडजूड अंकात, आणि तेही जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे!

पण एक घोळ होता. जपानी अंक दर आठवड्याला यायचा, इंग्रजी महिन्यातून एकदा. त्यामुळे इंग्रजीतली गोष्ट जपानच्या कितीतरी मागे राहायची. तोवर जपानी पानं स्कॅन करून, भाषांतर करून चाहतेच काही दिवसांत नेटवर टाकायचे. यालाच 'स्कॅनलेशन' म्हणतात. ताजा चॅप्टर फुकट दिसत असताना जुन्या चॅप्टरसाठी कोण थांबणार?

२०१२ मध्ये छापील अंक थांबला. त्याच वर्षी ३० जानेवारीला डिजिटल आवृत्ती सुरू झाली होती, ती आधी जपानच्या दोन आठवडे मागे असायची. २१ जानेवारी २०१३ पासून इंग्रजी आणि जपानी अंक एकाच दिवशी यायला लागले. डिसेंबर २०१८ मध्ये डिजिटल अंकही गेला आणि त्याच्या जागी महिन्याला दोन डॉलरपेक्षा कमी दराचं सबस्क्रिप्शन आलं (दर नंतर वाढला). ते मिळणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता. जानेवारी २०१९ मध्ये शुएशा या मूळ प्रकाशकाने स्वतःचं 'मंगा प्लस' आणलं, त्यात बहुतेक चालू मालिकांचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर फुकट.

मग चोरट्या साईट संपल्या?

नाही. जपानमध्ये 'मंगामुरा' ही साईट चालवणाऱ्याला २०२१ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, २०२४ मध्ये कोर्टाने सुमारे १.७ अब्ज येनची भरपाई द्यायला लावली. मे २०२५ मध्ये 'मंगाडेक्स'वरून सातशेहून जास्त मालिका एका फटक्यात उतरवल्या गेल्या. तरी नव्या साईट उगवतातच. कारणंही खरी आहेत. जुनी मालिका पूर्ण वाचायला पैसे लागतात, आणि आपल्याकडे शाळकरी पोरांकडे कार्ड कुठून येणार?

आपल्या मातीतला धडा

सातारा-सांगलीला मासिकं आणि चित्रं नवी नाहीत. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांचं 'चित्ररामायण' १९१६ मध्ये छापलं गेलं. त्यांच्याच संस्थानात, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत, १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं हे छोटं पत्रक. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार, व्यंगचित्रकार. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ते मराठी घराघरांत गेलं. माळरानावरच्या कारखान्यातून हे झालं, कारण वर्गणीदार होते. त्यांचे पत्ते होते आणि आकडा माहीत होता.

मुद्दा हाच आहे

'मंगा प्लस'वर इंग्रजीनंतर लगेच स्पॅनिश आली. पुढे थाई, इंडोनेशियन, पोर्तुगीज, रशियन, फ्रेंच, व्हिएतनामी, जर्मन आल्या. हिंदी नाही, मराठीही नाही. त्या ॲपवर तुम्ही चॅप्टर उघडला की व्ह्यूचा आकडा वाढतो. हेच आजचं पोस्टकार्ड! चोरट्या साईटवर वाचलेला चॅप्टर प्रकाशकाच्या हिशेबात येतच नाही. त्यांच्या दृष्टीने पलूसमध्ये मंगा वाचणारं कुणी नाहीच.

फुकट चॅप्टर अधिकृत ॲपवर वाचले म्हणून उद्या मराठी आवृत्ती येईल, असं मी म्हणणार नाही. भाषांतर करणारे, अक्षरं बसवणारे, पैसे घालणारे, सगळेच लागतात. पण पैसे घालणारा पहिला प्रश्न विचारतो, "वाचक किती?" निदान ताजे चॅप्टर तरी तिथे वाचा, खिशातून रुपया जात नाही. आणि चित्र काढायचा नाद असेल, तर जपानची वाट बघत बसू नका. शंकररावांनीही कुणाची वाट बघितली नव्हती.