नातवाच्या सुंतेचा प्रश्न

आमच्या स्नेह्यांपैकीं एका वृद्ध गृहस्थांची कन्या अमेरिकेंत असते. नुकताच तिला पुत्रलाभ झाला. येथें पेढे वाटून होतात न होतात तोंच तिचा दूरध्वनि आला : ‘‘बाबा, इथं बाळाची सुंता करायची का म्हणून विचारताहेत. ह्यांचं म्हणणं, इथल्या मुलांत तो वेगळा दिसायला नको; माझा मात्र जीव होत नाहीं. काय करूं ?’’ गृहस्थ गोंधळले व आमच्याकडे आले. ज्या विषयाचा उच्चार आपल्या माजघरांत कोणी करीत नाहीं, तो असा दारांत येऊन उभा राहिला असतां त्याचा शांतपणें विचार करणेंच शहाणपणाचें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. सुंता करण्याचीं कारणें तीन प्रकारचीं : धर्म, रोग आणि रूढि. यहुदी लोकांत आठव्या दिवशीं होणारी सुंता ही ईश्वराशीं झालेल्या कराराची खूण होय. आपल्या कोंकणांत ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजानें इतर यहुद्यांपासून शतकानुशतकें दूर राहूनहि हा विधि सोडला नाहीं. मुसलमान बांधवांतहि ती पैगंबरांची परंपरा म्हणून पाळली जाते. हा ज्याच्या त्याच्या निष्ठेचा विषय आहे. मुलांचे कान टोचणारे व जावळ काढणारे आपण, आपण त्याला हसूं नये. परंतु आमच्या स्नेह्यांच्या घरीं असें कोणतेंहि व्रत नाहीं. मग उरले रोग आणि रूढि.

रूढीची कथा पाहा. अमेरिकेंतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती. त्यांच्या धर्मांत ही सक्ति नाहीं. तरीहि तेथील रुग्णालयांत जन्मलेल्या मुलग्यांपैकीं १९७९ सालीं शेंकडा ६४.५ व २०१० सालीं शेंकडा ५८.३ मुलग्यांची सुंता तेथेंच उरकली गेली. या प्रघाताचें मूळ एकोणिसाव्या शतकांतील वैद्यकांत आहे. १८७० सालीं न्यूयॉर्कचे नामांकित अस्थिवैद्य लुईस सेयर यांनीं पाय आखडलेल्या एका मुलास या शस्त्रक्रियेनें गुण आल्याचें प्रसिद्ध केलें, आणि मग नाना व्याधींवर हाच तोडगा सुचविण्यांत येऊं लागला. ते समज गेले, प्रघात राहिला. इंग्लंडांत १९४९ सालीं डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनीं दाखवून दिलें कीं, शिश्नाग्रावरील त्वचा जन्मतः आंतून चिकटलेली असणें हा रोग नसून निसर्गक्रम आहे, व ती पुढें आपोआप सुटते. तेथील प्रघात पुढें ओसरला.

सुंतेच्या बाजूनें कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. तान्हेपणीं होणारा मूत्रमार्गाचा दाह तिनें कमी होतो. पण असा एक दाह टाळण्यास सुमारें शंभर मुलांची सुंता करावी लागते. आफ्रिकेंतील तीन मोठ्या प्रयोगांत, पुरुषांस स्त्रीसंबंधांतून होणारी एड्सच्या विषाणूची बाधा तिनें शेंकडा ६० च्या सुमारास घटली; त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं, जेथें ती साथ प्रबळ आहे अशा प्रदेशांकरितां सुंता सुचविली. परंतु तो प्रश्न प्रौढांचा. तान्ह्याला त्याची घाई काय? अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१२ सालीं लाभ धोक्यांहून अधिक ठरविले. मात्र सर्वच मुलांस ती सांगावी इतके ते मोठे नाहींत, निर्णय आईबापांनीं घ्यावा, असेंहि म्हटलें. उलट हॉलंडच्या वैद्यकसंस्थेनें २०१० सालीं, रोग नसतां मुलांची सुंता टाळावी, असें मत दिलें.

रोग असेल तर गोष्ट निराळी. वण पडून त्वचेचें तोंड आकसलें, लघवी अडूं लागली, वारंवार सूज येऊं लागली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. पुष्कळदां मलमानें काम भागतें. न भागल्यास शस्त्रक्रिया करावी. त्यांत धर्म बुडत नाहीं. सुश्रुतसंहितेंत हा विकार ‘निरुद्धप्रकश’ या नांवानें वर्णिला आहे. तुपानें माखलेली नळी घालावी, दर तीन दिवसांनीं अधिक जाड नळी वापरून मार्ग रुंदवावा, किंवा सेवनी वांचवून छेद घ्यावा, असे उपचारहि तेथें सांगितले आहेत.

व्रत नाहीं, रोग नाहीं. तेव्हां थांबावें, असा सल्ला आम्हीं दिला. टोचलेला कान बुजतो, काढलेलें जावळ पुन्हां उगवतें. ही त्वचा पुन्हां येत नाहीं. उलट आज न केलेली सुंता मुलाला पुढें स्वतःच्या विचारानें करितां येते. मोठेपणीं ती अधिक त्रासाची होते हें खरें, परंतु बहुतेकांस तिची गरजच पडत नाहीं. ‘वेगळा दिसेल’ ही जांवईबापूंची चिंताहि पोटच्या मायेचीच. पण वरील आंकड्यांप्रमाणें तेथेंहि दहांतले चार मुलगे रुग्णालयांतून तसेच घरीं गेले.

उभयतांनीं विचार करून नकार कळविला. आतां आजीबाई बाळंतिणीसाठीं तिकडे निघाल्या आहेत. म्हणून एक सूचना त्यांना, आणि आमच्या वाचकांच्या घरांतील सर्व वडीलधाऱ्या स्त्रियांना. बाळाला न्हाऊं घालतांना तेल सोडून ती त्वचा ओढून मागें सारण्याची चाल आपल्याकडे आहे, ती सोडावी. ओढल्यानें बारीक चिरा पडतात, वण धरतो, आणि जो विकार नव्हता तो आपल्याच हातानें होतो. वरून पाण्यानें धुवावें, तेवढें पुरे. कन्येला सल्ला देण्याहून आजीबाईंना हें सांगणें आमच्या स्नेह्यांस अधिक कठीण गेलें, असें कळतें.